पाहुण्यांच्या ताटातलं फळ

बीड जिल्ह्यात दिवाळी आणि सीताफळ एकाच सुमारास येतात. भाद्रपद सरत आला की धारूर, अंबाजोगाई, केज, पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या उतारांवर झाडं लगडतात आणि कार्तिकापर्यंत बाजारात पाट्याच पाट्या दिसतात. असं असूनही गेल्या पन्नास वर्षांत आमच्या दिवाळीच्या ताटातून हे फळ हळूहळू बाहेर गेलं. आता ते पनीर, चक्का आणि चीजच्या सोबतीनं परत येऊ लागलंय. मला याचा मनापासून आनंद आहे.

सत्तरच्या दशकातली दिवाळी आठवून पाहा. फराळ म्हणजे तेल, साखर आणि डाळीचं पीठ, आणि १९७२च्या दुष्काळानंतर ही तिन्ही कित्येक घरांत मोजूनमापून येत होती. शेव-चिवडा व्हायचा, चार लाडू वळले जायचे, पण ते पाडव्याला आणि भाऊबीजेला पुरवायचे म्हणून डबा उंच फळीवर. अवचित कुणी आलं तर पुढे यायचं ते सीताफळ. डोंगरातून आणलेलं, नाहीतर धान्य देऊन घेतलेलं. कच्ची फळं गवतात किंवा धान्याच्या कोठीत आढी घालून ठेवायची आणि रोज सकाळी एकेक फळ अंगठ्यानं हलकेच दाबून बघायचं. हे काम घरातल्या म्हातारीचं. तिच्या हाताला जे कळायचं ते आम्हाला कळत नसे. फळावरचे डोळे मोठे होऊन त्यांच्या मधल्या रेघा पिवळसर दिसू लागल्या की फळ तोडणीला आलं. तोडल्यावर दोन-चार दिवसांत ते पिकतं, आणि पिकलं की थांबत नाही.

पितळी ताटात चार पिकलेली सीताफळं, बियांसाठी एक वाटी, शेजारी पाण्याचा तांब्या. एवढाच पाहुणचार, पण त्याला वेळ लागायचा. एकेक पाकळी सुटी करून बी जिभेनं बाजूला करेपर्यंत पाऊसपाणी, सोयरीक, कोर्टकचेरी सगळं बोलून व्हायचं. चिवडा दोन मिनिटांत संपतो आणि पाहुणा चपला शोधायला लागतो. सीताफळ पाहुण्याला बसवून ठेवायचं.

ही दिवाळी सगळ्यांची नव्हती, हे इथेच लिहिलं पाहिजे. दसरा झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. हजारो घरांची दिवाळी कारखान्याच्या फडातल्या कोपीवर होते. त्यांचा पाहुणचार जाण्याआधी, नाहीतर गुढीपाडव्यापासून आखितीपर्यंत परत आल्यावर. तेव्हा फळ असतं आंबा. सणाच्या ताटाबद्दल लिहिताना आपण पंचांग बघतो, पण आमच्या जिल्ह्यात गाळपाचा हंगामही बघावा लागतो.

फळाशेजारी दूध ठेवायला जुनी माणसं कचरायची. आयुर्वेदातला विरुद्धाहार घरोघरी माहीत होता. पण त्याच घरात अचानक पाहुणे आले की केळ्याची शिकरण व्हायची आणि उन्हाळ्यात आमरसात दूध पडायचं. बीड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. ईदला शेजाऱ्यांकडून येणाऱ्या शिरखुर्म्यात खारीक आणि दूध एकत्र शिजलेलं असायचं. लग्नकार्यात कुणी हैदराबादी पद्धतीचा खुबानीचा मीठा केला, तर जर्दाळूवर सायीचा थर. फळ आणि दूध यांची गाठ आमच्याकडे केव्हाच पडलेली होती. नव्हती ती फक्त दूध मुद्दाम फाडायची सवय. दूध नासलं की घरात हळहळ व्हायची, लिंबू पिळून ते आपणच नासवायचं ही कल्पना पचायला वेळ लागला. म्हैस व्याली की चिकाचा खरवस मात्र सगळ्यांच्या आवडीचा. गूळ-वेलदोड्याचा, सुरीनं वड्या पडणारा, आळीत वाटला जाणारा. घट्ट दुधाच्या चौकोनी वडीची गोडी आम्हाला चीजच्या कितीतरी आधी लागली होती.

चीज आलं ते डब्यातून. म्हशीच्या दुधापासून चीज करून अमूलनं ते देशभर पोहोचवलं, आणि मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत वाढदिवसाला एक नवाच पदार्थ दिसू लागला: टूथपिकवर चीजचा चौकोन, डब्यातल्या अननसाचा तुकडा आणि वर लाल चेरी. अशा काड्या कोबीच्या गड्ड्याला नाहीतर मोसंब्याला टोचून मधोमध ठेवायच्या. अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, बाहेरगावची डॉक्टर मंडळी राहायला आली, आणि त्या काड्या मी पहिल्यांदा अशाच एका घरी पाहिल्या. गोड, आंबट आणि खारट एकाच घासात. चव लक्षात राहिली. अननस मात्र डब्यातला, पाकात बुडालेला, आणि बाहेर हंगाम सीताफळाचा. तेव्हा हे कुणालाच खटकलं नाही, मलाही नाही.

नव्वदनंतर ताट वेगानं बदललं. तयार फरसाण, चकचकीत पाकिटातली मिठाई आणि नंतर सुक्या मेव्याचे खोके. सीताफळ देणं म्हणजे घरात काही केलं नाही असं वाटू लागलं. सगळ्यांत जास्त नुकसान या लाजेनं केलं, असं माझं ठाम मत आहे. चीजलाही जिल्ह्यात पाय रोवता आले नाहीत, त्याला कारण वीज. २००५च्या आसपास भारनियमन इतकं होतं की फ्रिज म्हणजे बंद कपाट झालं होतं. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, पण २०१३च्या दुष्काळात पाण्याअभावी तेही बंद ठेवावं लागलं. त्या वर्षी आणि पुन्हा २०१९मध्ये जनावरं चारा छावण्यांत होती. आष्टी-पाटोद्याचा पट्टा दुधाचा. तिथल्या बायांनी छावणीत राहून गुरं जगवली. आज आपण पनीर सहज विकत घेतो, त्या दुधामागे ही वर्षं आहेत.

सीताफळाचं नशीब मात्र याच काळात पालटलं. दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, आणि कमी पाण्यावर तग धरणारं, शेळ्या ज्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत असं हे झाड शेतकऱ्यांना नव्यानं दिसलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईत आहे आणि धारूर-६ हे वाण तिथलंच. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांच्या एनएमके-१ गोल्डन वाणानं तर बागांचं गणितच बदललं: फळ मोठं, बिया कमी, टिकाऊपणा जास्त. २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. डोंगरातलं फुकटचं फळ नाव घेऊन बाजारात उभं राहिलं. गर काढून गोठवायचे उद्योग आले, सीताफळ रबडी आणि आइस्क्रीम शहरांत पोहोचलं.

घरच्या पाहुणचारात ते परतलं नव्या पिढीमुळे. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुली-सुना दिवाळीला आल्या की तळणाचा पसारा नको म्हणतात, आणि संध्याकाळी येणाऱ्यांपुढे एका मोठ्या ताटात फळांच्या फोडी, पनीर, चीज, थोडे दाणे असं मांडतात. सुरुवातीला सासवांनी नाकं मुरडली. पण मधुमेहाची पथ्यं घरोघरी आली आणि हे ताट पाहुण्यांनाही सोयीचं वाटू लागलं. तिथेही सफरचंद, किवी आणि परदेशी द्राक्षंच आधी आली. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे. चीजसोबत पेरूची गाठ पोर्तुगीज जगानं केव्हाच बांधली. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी चीजच्या तुकड्यावर ठेवून खातात, आणि गोव्यात नाताळच्या कुसवारात पेरूची पेराद असतेच. पेरू काय, सीताफळ काय, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. आपल्या मातीत ती इतकी रुजली की परकी वाटत नाहीत, मग चीजलाच परकं का मानायचं?

आता करायचं कसं, ते सांगते. सीताफळासाठी दुकानातल्या चीजपेक्षा घरचा चक्का सरस. श्रीखंडाला बांधतो तसं दही रात्रभर फडक्यात टांगायचं, सकाळी साखरेऐवजी चिमूटभर मीठ आणि जरा भरड मिरपूड घालून फेटायचं. सीताफळाचा गर चाळणीवर हातानं चोळून काढायचा. मिक्सरला लावू नका, बिया फुटल्या की गर वाया जातो आणि त्या बिया पोटात जाऊ नयेत. गराला ऊबही दाखवायची नाही, तापला की कडवट होतो. म्हणूनच जाणत्या बाया रबडी थंड झाल्यावरच त्यात गर घालतात. मराठवाडी धपाटे जरा कडक भाजून त्यांचे दोन बोटं रुंदीचे चौकोन कापा, त्यावर चक्का, वर चमचाभर गर, आणि ज्याला चालेल त्याला शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट. गर हवेनं काळा पडतो, म्हणून हे आधी मांडून ठेवायचं नाही.

पेरूचं सोपं आहे. अर्धा पिकलेला, दाताखाली करकरणारा पेरू घ्या. सरदार जातीचा मिळाला तर उत्तम, तो पुण्याच्या गणेशखिंडीतून निवडला गेलेला आहे. पातळ फोडी, तेवढाच पातळ चीजचा काप, वर तिखट-मीठ आणि लिंबाचे दोन थेंब. म्हशीच्या दुधाचं पनीर घरी केलं तर एक लिटरला साधारण पाव किलोच्या आत-बाहेर निघतं. फडक्यात बांधून जड पाट्याखाली तासभर दाबलं की सुरेख चौकोन पडतात. डाळिंबाचे दाणे आणि चिंचेची गोड चटणी त्याच्या जोडीला. राहिलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळायचं, ते ओतून देऊ नका.

मोसंब्याच्या फोडी चीजजवळ ठेवू नका, रस सुटून सगळं ओलं होतं. आणि जुन्या माणसांच्या पुढे एखादं अख्खं पिकलेलं सीताफळ आणि बियांसाठी वाटी वेगळी ठेवा. त्यांना काडीवरचा घास आवडला तरी त्यांचा हात आधी तिकडेच जातो.

यंदा दिवाळीत अननसाचा डबा आणि किवीचं खोकं आणण्याआधी रस्त्याकडेच्या पाटीवाल्या बाईजवळ थांबा. डोळे उघडलेली, रेघा पिवळ्या झालेली फळं निवडा, काही आजची, काही परवा पिकतील अशी. भाव पाडू नका. तिनं ती फळं पहाटे डोंगर चढून आणलेली असतात.