दोनदा हरवल्याशिवाय विजेता कसला?

युरोकप बास्केटबॉलचा निकाल एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये हापोएल तेल अवीवनं ग्रान कनारियाला २-० असं हरवून करंडक नेला आणि त्यासोबत युरोलीग या वरच्या स्पर्धेतली जागाही मिळवली. प्रशिक्षक दिमित्रिस इतूदिस यांच्या डावपेचांवर भरपूर लिहून झालंय. मला बोलायचंय ते या फायनलच्या बांधणीवर. आपल्या रामाकोना गावापासून नागपूरपर्यंत आपण ज्या पद्धतीनं स्पर्धा भरवतो, तिला ही बांधणी बरंच काही शिकवू शकते.

युरोकपची फायनल म्हणजे तीन सामन्यांची मालिका. दोन आधी जिंकेल तो विजेता. साखळी फेरीत ज्याची कामगिरी सरस, त्याच्या घरी पहिला सामना आणि गरज पडली तर तिसराही. दुसरा मात्र समोरच्याच्या घरी. म्हणजे प्रत्येक संघाला निदान एकदा परक्या प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात उभं राहावंच लागतं.

ही पद्धत पहिल्यापासून नव्हती. आधी दोन सामने खेळून गुणांची बेरीज करत. २०१६ मध्ये गालातासराय पहिला सामना स्ट्रासबूर्गकडून ६२-६६ असा हरला, घरी येऊन दुसरा ७८-६७ असा जिंकला आणि १४०-१३३ अशा बेरजेवर विजेता ठरला. हिशेब चोख, पण त्यात चार गुणांनी झालेली हारही कमाईसारखी सांभाळता येते. बास्केटबॉलमध्ये हरणं म्हणजे हरणंच असावं, असं माझं मत आहे. २०१७ पासून मालिका आली, ते बरं झालं.

मध्ये दोन वर्षं, २०२२ आणि २०२३ ला, एकाच सामन्यात निकाल लावला गेला. काय झालं? २०२२ ला बोलोन्यात बोलोन्याचाच व्हिर्तुस जिंकला. २०२३ ला ग्रान कनारियानं आपल्याच मैदानावर तुर्क टेलिकॉमला ७१-६७ असं हरवलं. दोन्ही वेळा यजमानच विजेता! त्या संघांची गुणवत्ता मी नाकारत नाही. पण अख्ख्या हंगामाचा निकाल एकाच्याच अंगणात, एकाच रात्री लागावा, हे पटत नाही.

आता मालिका पाहा. २०१७, २०१८, २०१९, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा सहा झाल्या. त्यांतल्या पाच विजेत्यांनी समोरच्याच्या घरी जाऊन निदान एक सामना जिंकलाय. सर्वांत जिवाला लागलेली मालिका २०१७ ची. वॅलेन्सिया आणि मालागाचा उनिकाहा एक-एक सामना जिंकून बरोबरीत आले. तिसरा सामना वॅलेन्सियाच्या घरी. चौथ्या सत्रात मागे पडलेल्या उनिकाहानं तो ६३-५८ असा खेचून आणला. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आल्बेर्तो दियास, मालागातच जन्मलेला पोरगा. आपल्या गावाचं नाव परक्या गावात जाऊन राखणं म्हणतात ते हेच.

हापोएलची गोष्ट याहून कठीण. युद्धामुळे या संघाला तेल अवीवमध्ये खेळता येत नव्हतं. त्यांचे ‘घरचे’ सामने झाले बल्गेरियात, सामोकोव या डोंगरपायथ्याच्या गावी. ज्यांचं घरच सुटलं, त्यांनी ग्रान कनारियाला दोनदा हरवलं. अशा विजयाला नशिबाचा विजय म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

उलट युरोलीगची फायनल मे २०२५ मध्ये अबू धाबीत, एकाच सामन्यात झाली. एका वाईट रात्रीनं वर्षभराची मेहनत पाण्यात जाऊ शकते. थरार असेल, न्याय असेलच असं नाही.

आता आपल्याकडे वळू. रामाकोना ज्यात येतं तो पांढुर्णा जिल्हा झाला २०२३ मध्ये. सौंसर आणि पांढुर्णा, दोन तालुक्यांचा आटोपशीर जिल्हा. रामाकोन्यावरून छिंदवाडा-नागपूर रेल्वे जाते, म्हणजे नागपूरशी ये-जाही आहे. नागपुरात धंतोली, शिवाजीनगरच्या कोर्टांवर बास्केटबॉल रुजलेला आहे. तरी आपल्या गावांतल्या बहुतेक स्पर्धा, कबड्डी असो की व्हॉलीबॉल, एकाच मैदानावर एक-दोन रात्रींत उरकतात. पहिल्याच फेरीत हरलेली पोरं एक सामना खेळून घरी परततात. शिकायला मिळणार कधी?

मालिकेला मोठा पैसा लागत नाही. दोन शाळा, दोन मैदानं, तीन शनिवार पुरतात. रामाकोन्याची पोरं एकदा सौंसरला जातील, सौंसरची एकदा इकडे येतील आणि बरोबरी झाली तर तिसरा शनिवार आहेच. क्रीडाशिक्षकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे: या वर्षी निदान एक फायनल अशी खेळवून पाहा. हरलेल्या पोराला आठवडाभरानं पुन्हा त्याच संघासमोर उभं राहू द्या. खेळाडू त्या आठवड्यात घडतो.