केळीच्या गावातला रसायनाचा माणूस

फैजपूरच्या कॉलेजात एस्टरचं प्रॅक्टिकल असलं की वास ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. आयसोअमाइल अल्कोहोल, ॲसेटिक ॲसिड, सल्फ्युरिक ॲसिडचे थोडे थेंब. तासभर रिफ्लक्स झालं की दारातच केळी जाणवते. यावल-रावेरच्या पट्ट्यात वाढलेली एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, केळी आहे, पण आमच्या मळ्यातली नाही." सर खूश झाले. पिकल्या केळीत या एस्टरच्या जोडीला ब्युटिरेटं असतात, लवंगेतलं युजेनॉलही असतं. बाटलीत होता एकच रेणू.

तो एकटा मिळवणं हेच खरं काम. सोडिअम बायकार्बोनेटने धुताना फनेल उलटी धरून तोटी सोडत राहायचं, नाहीतर साठलेला वायू बूच उडवतो. मग पाणी शोषून घ्यायचं, ऊर्ध्वपातन करायचं आणि १४२ अंशांच्या आसपास येणारा भाग तेवढा वेगळा धरायचा. सर मुलांच्या वह्यांआधी त्यांचे हात बघतात. मला ते फार योग्य वाटतं.

पुस्तकातलं 'खोलीचं तापमान' खानदेशात चालत नाही. ईथर ३४.६ अंशांना उकळतं आणि मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून बाटली आधी बर्फात, काम भल्या सकाळी. उलट डिसेंबरच्या कडक थंडीत शुद्ध ॲसेटिक ॲसिड बाटलीतच गोठलेलं सापडतं, ते १६.६ अंशांखाली घट्ट होतं.

सरांची वाट इथल्या अनेकांसारखीच: बी.एस्सी. गावात, एम.एस्सी. जळगावच्या विद्यापीठात, मग सेट, पीएच.डी., नोकरी. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. संशोधन उरतं बॅचेस सुटल्यावर, आणि त्याची साधनं दूर. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलं, आणि १९५० साली त्यांनीच पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं. त्या प्रयोगशाळेत रेणूची रचना ओळखणारं एनएमआरचं यंत्र हाताशी असतं. गावातल्या संशोधकाचे नमुने कुरियरने चंदीगडला किंवा मुंबईला जातात. म्हणून इथे नमुना पाठवण्याआधीची मेहनत दुप्पट. संध्याकाळी सिलिकाचा कॉलम लावलेला असतो, सर एकेका टेस्ट ट्यूबची टीएलसी, म्हणजे प्लेटवरची शुद्धतेची चाचणी, घेत बसतात. प्लेटवर दोन ठिपके दिसले की पुन्हा कॉलम. पदोन्नतीच्या तक्त्यात शोधनिबंधांना गुण आहेत, या पुन्हा लावलेल्या कॉलमला नाहीत. हा अन्याय आहे, कारण निबंधाचा खरेपणा तिथेच ठरतो.

एनएमआरचा अहवाल आला की सर आधी ७.२६ वरचं क्लोरोफॉर्मचं शिखर शोधतात, मग आपली. परवा २.१७ वर एक बारीकसं शिखर निघालं: भांडी धुतलेला ॲसिटोन. विद्यार्थ्याने नमुना व्हॅक्युमला लावला आणि पाकिटावर चंदीगडचा पत्ता पुन्हा लिहायला घेतला.