लयकारिकेतील मेदद्रव्ये : पेशीचे आरोग्य आणि आजार

प्रस्तावना :
बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान द द्यूव यांनी १९५५ मध्ये लयकारिका अर्थात लायसोसोम हे पेशीअंगक प्रकाशात आणले. या अंगकास आपण वर्गात 'आत्मघाती पिशवी' म्हणून शिकवतो. तथापि हे वर्णन अपुरे आहे. लयकारिकेतील मेदद्रव्ये केवळ टाकाऊ माल नसून काही मेदद्रव्ये विघटनाची साधनेही आहेत, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. साधनरूप मेद :
लयकारिकेच्या आतील सामू सुमारे ४.५ ते ५ असतो. तेथील सूक्ष्म पुटिकांवर 'बीएमपी' हे ऋणप्रभारित मेदद्रव्य आढळते. आम्लधर्मी माध्यमात धनप्रभारित झालेली विकरे त्याकडे आकर्षित होतात व पुटिकांच्या पृष्ठभागावर मेदाचे विघटन घडते. बीएमपी तयार करणारे विकर सीएलएन५ असल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले. याच जनुकातील दोषामुळे बालकांना बॅटन रोगाचा एक प्रकार होतो.

२. साचलेला मेद : गोशे रोग
फिलिप गोशे यांनी १८८२ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. ग्लुकोसेरेब्रोसिडेज विकराची कमतरता हे त्याचे कारण रॉस्को ब्रॅडी यांनी १९६५ मध्ये दाखविले. जीर्ण रक्तपेशींच्या पटलांतील ग्लुकोसेरेब्रोसाइड भक्षकपेशींमध्ये साचते. परिणामी प्लीहा व यकृत वाढतात, रक्तक्षय होतो, हाडे ठिसूळ बनतात. १९९१ पासून विकर शिरेवाटे देण्याची उपचारपद्धती उपलब्ध झाली. मात्र हे विकर रक्तातून मेंदूत पोहोचत नाही. त्यामुळे मज्जासंस्थेला ग्रासणाऱ्या प्रकारांत तिचा लाभ मर्यादित राहतो.

३. कंपवाताशी संबंध :
आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास गोशे रोग होतो. एकच सदोष प्रत असणारी व्यक्ती निरोगी दिसते. परंतु तिला पार्किन्सन अर्थात कंपवात होण्याची शक्यता वाढते. २००९ च्या बहुराष्ट्रीय अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांमध्ये हे जनुकदोष पाच पटींहून अधिक आढळले. अर्थात बहुसंख्य वाहकांना हा आजार होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
दुर्मीळ आजाराच्या अभ्यासातून सर्वपरिचित आजाराचे एक कारण उलगडले. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात गोशे रोगाचा समावेश आहे. परंतु धोरणाचा लाभ निदानानंतरच मिळतो. वाढलेली प्लीहा म्हणजे हिवताप किंवा रक्ताचा कर्करोगच, असे गृहीत धरल्यास मूळ कारण दुर्लक्षित राहते. म्हणून जीवशास्त्राच्या अध्यापकांनी लयकारिका शिकवताना तिच्यातील मेदद्रव्यांचाही परिचय करून देणे अगत्याचे आहे.