वजन उतरलं, पण ते उतरलेलं राहतं का?

2022 च्या मे महिन्यात कन्नड मालिकांत काम करणारी 21 वर्षांची एक अभिनेत्री चरबी काढून घेण्यासाठी बेंगळुरूच्या एका खासगी दवाखान्यात दाखल झाली आणि त्याच दिवशी गेली. बातमी सगळीकडे ‘वजन कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये मृत्यू’ अशीच फिरली. प्रत्यक्षात ती चरबी काढण्याची कॉस्मेटिक शस्त्रक्रिया होती. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेशी तिचा काही संबंध नव्हता, पण लोकांच्या मनात दोन्ही एकाच खात्यात जमा झाल्या.

लायपोसक्शनमध्ये त्वचेखालची चरबी नळीने ओढून काढतात. भूक, शुगर, बीपी जिथल्या तिथे राहतात. लठ्ठपणावरचा तो इलाज नव्हेच. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेत चरबीला कुणी हातही लावत नाही, बदल होतो तो जठरात आणि आतड्यात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा पाऊण किंवा त्याहून जास्त भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. ‘बायपास’मध्ये साधारण 30 मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात.

धोका नाहीच असं मात्र कुणी सांगितलं तर त्या डॉक्टरांकडे जाऊ नका. एप्रिल 2024 मध्ये चेन्नईत पुदुच्चेरीचा 26 वर्षांचा एक तरुण याच शस्त्रक्रियेदरम्यान दगावला. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण फार कमी, हजारात एक ते तीन असं धरलं जातं. तरी सर्जन वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतो आणि तिथे अतिदक्षता विभाग आहे का, हे दोन प्रश्न सवलतीच्या पॅकेजच्या आधी विचारायचे असतात.

‘हा शॉर्टकट आहे, मनावर घेतलं असतं तर डाएटने झालं असतं’

हे वाक्य बहुतेक वेळा बारीक माणूस बोलतो. वजन भराभर उतरलं की शरीर ते नुकसान समजून भरून काढायला बसतं. भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च घटतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या 14 स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. एक जेवण सोडलं तरी जेमतेम बरोबरी होईल, अशी ही तफावत.

शस्त्रक्रिया याच ठिकाणी काम करते. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. अन्न लवकर पुढे सरकल्याने आतड्यातली तृप्तीची संप्रेरकं वाढतात. म्हणूनच पहिल्या वर्षात बरेच जण सांगतात की जेवायची आठवण करून द्यावी लागते. तो संयम नसतो. आणि पुढे भूक थोडी परत येते, तेव्हा तो आळसही नसतो.

‘दीडशे किलोच्या माणसाने करायची गोष्ट’

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतीय माणूस वजनकाट्यावर बरा दिसतो आणि आतून लठ्ठ असतो, हे यापेक्षा कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नाही.

1991 पासून जगभर वापरात असलेली रेषा बीएमआय 40 ची होती, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर 35 ची. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली. 35 च्या पुढे आजार असो वा नसो, 30 च्या पुढे मधुमेहासारखा आजार असल्यास, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच या पर्यायाचा विचार व्हावा असं त्या म्हणतात. पाच फूट पाच इंच उंचीला 27.5 म्हणजे साधारण 75 किलो. एवढ्या वजनाच्या प्रत्येकाने टेबलावर जावं असा याचा अर्थ नाही, आणि आवरत नसलेली शुगर नसेल तर मी तरी त्या वजनाच्या माणसाला आधी बाकीचे उपाय करायला सांगेन.

विमा मात्र जुन्याच रेषेवर उभा आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार वय 18 पूर्ण हवं, बीएमआय 40 हवा, किंवा 35 सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध, न आवरणारा मधुमेह यांपैकी काही हवं. शिवाय साधे उपाय करून ते फसल्याचं दिसायला हवं. आयटी कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरकडून ही अट लेखी मागून घ्या. ‘कॅशलेस होऊन जाईल’ हे काउंटरवरचं तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

‘एकदा उतरलं की उतरलं’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. 1987 मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर स्थिरावली. 120 किलोच्या माणसाच्या भाषेत सांगायचं तर तो 82 पर्यंत आला आणि मग 90 वर राहिला. त्या आठ किलोंसाठी लोक स्वतःला दोषी धरतात, डॉक्टरांसमोर जायची लाज वाटते म्हणून फॉलोअप बुडवतात, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. आठाचे अठरा होतात ते या गैरहजेरीच्या वर्षांत.

स्लीव्हची घट दीर्घकाळात बायपासपेक्षा थोडी कमी भरते. फिनलंडमध्ये 240 रुग्णांवर झालेल्या तुलनेत दहा वर्षांनी जादा वजनापैकी स्लीव्हमध्ये सुमारे 43 टक्के, तर बायपासमध्ये सुमारे 50 टक्के कमी झालेलं दिसलं. अन्ननलिकेचा दाह मात्र स्लीव्हवाल्यांत बराच जास्त होता. आधीपासून ॲसिडिटीने हैराण असाल तर ‘स्लीव्ह सोपी आहे’ एवढ्यावर भागवू नका.

वजन परत येतं कशाने? एका लग्नात जास्त जेवल्याने पोट ‘फाटून मोठं’ होत नाही. जठर काळानुसार थोडं सैल होतं, ते बहुतेकांचं होतं. जास्त दोष असतो घशाखाली सहज उतरणाऱ्या कॅलरींचा. दोन पोळ्या आता जात नाहीत, पण मिल्कशेक, आइस्क्रीम, चिवडा, बिस्किटं निमूट जातात आणि दिवसभर जातात.

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या खाण्याची तऱ्हा इथे आडवी येते. दर्शिनी नावाच्या छोट्या उपाहारगृहात माणूस उभ्याने खातो, इडली-वडा सांबारात बुडवून सात-आठ मिनिटांत संपवतो आणि शेवटच्या घासावर फिल्टर कॉफी घेतो. ऑपरेशन झालेल्याला यातलं सगळंच उलटं करायचं असतं. एका इडलीला वीस मिनिटं, आणि खाण्यानंतर अर्धा तास पाणी किंवा कॉफी नाही. बेन्ने डोसा घाईत गिळला तर छातीत अडकल्यासारखं होतं. बायपासनंतर म्हैसूर पाक किंवा पायसम भरपूर खाल्लं की काही मिनिटांत घाम, धडधड आणि गरगर सुरू होऊ शकते. याला डम्पिंग म्हणतात. हार्ट ॲटॅक समजून लोक रात्री इमर्जन्सीत धावतात.

मराठी घरात आणखी एक अडचण असते, आग्रहाची. पंगतीत मावशी पुरणपोळी वाढायला येते, ताटावर आडवा हात धरला की ‘अगं, एवढ्याशाने काय होतंय’ म्हणते, आणि पानावरचं टाकायचं नाही ही लहानपणची शिस्त आतून ढकलते. अशा घरात रुग्णाबरोबर वाढणाऱ्यांनाही आहारतज्ज्ञाकडे न्यावं.

‘घरचं साधं जेवण, त्यात सगळं येतं’

हिशेब करून बघा. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं हवीत. एका इडलीत दोन ग्रॅमच्या आसपास, वाटीभर वरणात सहा-सात, अंड्यात सहा, 100 ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आणि एका वेळी पोटात मावतं अर्धी वाटी. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी यांनी ती अर्धी वाटी भरली तर प्रथिनांना जागाच उरत नाही, आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. म्हणून घास पहिला पनीरचा, उसळीचा, अंड्याचा किंवा माशाचा. भात शेवटी, राहिलाच तर. शाकाहाऱ्याला बहुधा प्रोटीन पावडर लागतेच. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात ते शरीराला बसलेल्या धक्क्याने, आणि प्रथिनं-लोह नीट असेल तर परत येतात.

गोळ्या ‘बरं वाटेपर्यंत’ नसतात. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभराचं आहे. ‘ऑपरेशननंतर उलट्या होतातच’ हा समज तर धोक्याचा. सतत उलट्या होत असतील तर काही आठवड्यांत बी-1 संपतं आणि मेंदूला, नसांना कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी सलाइनमधून ग्लुकोजच्या आधी बी-1 मिळालं पाहिजे, आणि ते ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगायची वेळ नातेवाइकांवर येऊ शकते.

मधुमेहाबद्दल थोडक्यात: तो ‘गेला’ म्हणू नका, ‘शांत झाला’ म्हणा. एका अमेरिकी चाचणीत पाच वर्षांनी सरासरी शुगर दाखवणारं एचबीएवनसी 6 किंवा त्याखाली असलेले बायपासमध्ये 29 टक्के, स्लीव्हमध्ये 23 टक्के आणि नुसत्या औषधांवर 5 टक्के होते. फायदा मोठा आहे, पण सगळ्यांना नाही आणि कायमचाही नाही.

दारूबद्दल बेंगळुरूकडे बघून सांगायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी टीमबरोबर पबमध्ये जाणाऱ्याला पूर्वीचा तिसरा ग्लास आता पहिल्यातच चढतो, कारण दारू रक्तात लवकर आणि जास्त पोचते. बायपास केलेल्यांत दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं आहे. मुलींसाठी वेगळी सूचना: वजन उतरलं की पाळी सुरळीत होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. पहिलं वर्ष-दीड वर्ष मात्र गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो.

‘आता इंजेक्शनं आलीत, ऑपरेशन कशाला?’

2025 मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही भारतात आली आणि हा प्रश्न घरोघर पोचला. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडने मुख्य चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे इथेही ‘एकदाच’ असं काही नाही, महिन्याचा खर्च चालू राहतो. ऑपरेशननंतर वजन पुन्हा चढू लागलं तर आता डॉक्टर याच औषधांची जोड देतात, आणि ती घेणं म्हणजे ऑपरेशन फसल्याची कबुली नव्हे.

बेंगळुरूतली नोकरी दोन-तीन वर्षांत पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशात नेते, आणि फॉलोअप तिथेच तुटतो. निघण्याआधी रुग्णालयातून डिस्चार्ज समरीबरोबर ऑपरेशनच्या नोंदी मागून घ्या: कोणत्या पद्धतीने केलं, पिशवी किती, आतडं किती वळवलं. पुढे पोटात दुखलं, एंडोस्कोपी लागली किंवा कुणी आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक लिहून दिलं, तर नव्या डॉक्टरला हे कागद पाहिल्याशिवाय धड निर्णय घेता येत नाही. बायपासवाल्याला ही वेदनाशामकं अल्सर देऊ शकतात. तपासण्या पहिल्या वर्षात तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन, एचबीएवनसी. काटा खाली आला असो वा वर गेला असो, यादी तीच राहते.