ढाक्याचा भाव आणि नामपूरचा काटा

२०२३ च्या डिसेंबरात मी नामपूरला एका लग्नाला गेलो होतो. यजमान माझे जुने खातेदार. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, तसेच आपणही म्हणू. तीसेक वर्षांपूर्वी मी नामपुरात एका बँकेच्या शाखेत कृषी अधिकारी होतो आणि आप्पांच्या विहिरीचे, इंजिनाचे, पुढे कांद्याच्या चाळीचे असे सगळे कर्जाचे कागद माझ्या हाताखालून गेले. आता त्यांच्या नातीचे लग्न होते. मालेगाव सोडून मोसमच्या खोऱ्यात शिरले की डावी-उजवीकडे कांदाच कांदा दिसतो, तो पाहत मी पोहोचलो. दारी मांडव पडला होता, आचाऱ्याने चुली मांडल्या होत्या आणि आप्पांचा थोरला दुसऱ्या दिवशी सकाळी लाल कांद्याची ट्रॉली मार्केटला नेणार होता. त्या ट्रॉलीच्या पैशांत मांडववाला आणि किराणावाला दोघेही भागणार होते. हिशेब चोख होता. मी बँकेतला माणूस, मला असा चोख हिशेब दिसला की बरे वाटते.

रात्रीतून हिशेब फिरला. ८ डिसेंबरला सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी होती: केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, चांदवडला रस्ता अडवला गेला. आमचा थोरला ट्रॉली जशीच्या तशी घेऊन परत आला. मांडवाच्या बाजूला ती उभी राहिली आणि वऱ्हाडी तिच्या सावलीत चहा पिऊ लागले.

शहरातल्या वाचकाला वाटेल, त्यात काय, आठ दिवस थांबावे, मग विकावा. इथेच गोम आहे. चाळीत सहा-सहा महिने टिकतो तो उन्हाळ कांदा. तो मार्च-एप्रिलमध्ये निघतो. खरिपातला लाल कांदा पाण्याने भरलेला असतो, त्याला चाळीत ठेवले तर दोन-तीन आठवड्यांत त्याला कोंब फुटतात, नाही तर तो सडतो. डिसेंबरातली बंदी म्हणजे ज्याला थांबताच येत नाही त्याला ‘थांब’ म्हणून सांगणे. महिना सरायच्या आत भाव निम्म्याच्या आसपास आले. थोरल्याने मला बाजूला घेऊन विचारले, “साहेब, आते काय करानं?” मी त्याला काहीच सल्ला दिला नाही. त्याला कारण आहे, आणि ते १९९८ सालचे आहे.

त्या वर्षी अवकाळी पावसाने उन्हाळ कांद्याचे नुकसान केले होते. आप्पांचा कांदा मात्र बऱ्यापैकी वाचला होता, शे-दीडशे क्विंटल चाळीत होता. इंजिनाच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते आणि वरून वसुलीचा लकडा लागला होता. मी मोटारसायकल काढून त्यांच्या मळ्यात गेलो आणि सांगितले, “आप्पा, कांदा विका आणि खाते नियमित करा. भावाचा काय भरवसा?” ते म्हणाले, “साहेब, थोडं थांबलो तर बरं.” मी थांबू दिले नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी चाळ रिकामी केली, पावती घेतली, मला चहा पाजला. ऑक्टोबर उजाडला आणि दिल्लीत कांदा चाळीस-पन्नास रुपये किलोच्या घरात गेला. तिथले सरकार नोव्हेंबरच्या निवडणुकीत पडले, सुषमा स्वराज यांची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द दोन महिनेही पुरती झाली नाही. सगळा देश कांद्यावर विनोद करत होता. नामपुरात ज्याच्या चाळीत कांदा होता त्याला तिप्पट-चौपट पैसे मिळत होते. आप्पा मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीला मात्र माझ्या क्वार्टरवर अर्धी गोणी कांदा पाठवला, घरी खायला ठेवलेल्यातला. ती गोणी आम्ही महिनाभर खाल्ली. सौ. म्हणायची, कांदा गोड आहे. मला काही तो गोड लागला नाही.

तर असो. २०२३ ची कहाणी खरे तर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून सुरू होते. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवले. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मग ‘नाफेड’कडून क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदीची घोषणा झाली. शुल्क निर्यातदार भरणार, शेतकऱ्याचा काय संबंध, असे तेव्हा टीव्हीवर एक गृहस्थ ठासून सांगत होते. त्यांना बँकेत माझ्या हाताखाली सहा महिने तरी ठेवायला हवे होते.

हिशेब सोपा आहे. समजा, ढाक्याचा व्यापारी सीमेवर पोहोचलेल्या भारतीय कांद्याला किलोमागे ३५ रुपये द्यायला तयार आहे. त्याहून जास्त तो देणार नाही, कारण तेवढ्यात त्याला पाकिस्तानचा किंवा चीनचा कांदा मिळतो. निवड, गोणी, ट्रकभाडे, हमाली, व्यापाऱ्याचा नफा मिळून १० रुपये गेले तर नामपूरच्या काट्यावर शेतकऱ्याला २५ मिळतात. आता ४० टक्के शुल्क लावा. ३५ रुपयांत शुल्कही बसवायचे म्हणजे मालाची किंमत २५ च धरता येते, कारण पंचवीसवर ४० टक्के म्हणजे १० आणि बेरीज ३५. त्या पंचवीसमधून खर्चाचे १० गेले की शेतकऱ्याच्या हाती उरतात १५. म्हणजे ढाक्याच्या गिऱ्हाइकाने दमडीही जास्त दिली नाही, ट्रकवाल्याने भाडे कमी केले नाही, शुल्काचे दहाच्या दहा रुपये आप्पांच्या ट्रॉलीतून गेले. वर जो कांदा बाहेर जायचा थांबला तो देशातच पडून राहिला, म्हणून जो माल बाहेर जाणारच नव्हता त्याचाही भाव उतरला. चलन भरताना सही निर्यातदाराची असते, एवढेच.

दुसरी बाजू मला कळत नाही असे नाही. मी आता नाशिकला राहतो, कांदा विकतच घेतो. ज्या घरात रोजची कमाई रोज संपते तिथे साठ रुपयांचा कांदा म्हणजे काय, हे नाशिकच्या झोपडपट्टीतल्या बाईला विचारावे. तिच्यासाठी सरकारने काही करू नये असे कोण म्हणेल? पण भाव चढला की कात्री दुसऱ्या दिवशी चालते आणि भाव पडला की समिती नेमतात, हे मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे.

बंदी मार्चअखेर संपली नाहीच, पुढे चालू राहिली. त्यात एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २,००० टनांची वाट करून दिली गेली. बागलाणात त्या बातमीने जेवढा संताप झाला तेवढा बंदीनेही झाला नसेल. मग ४ मे रोजी, ऐन निवडणुकीत, बंदी उठली. पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि त्यावर ४० टक्के शुल्क. म्हणजे ७७० डॉलर, तेव्हाच्या दराने किलोला ६४ रुपयांच्या आसपास. दार उघडले आणि उंबरा छातीइतका ठेवला. बागलाण ज्यात येतो त्या धुळे मतदारसंघात आणि शेजारच्या दिंडोरीत विद्यमान खासदार पडले. धुळ्यात फरक चार हजार मतांच्या आत होता. तो कांद्याने पाडला की आणखी कशाने, याची पैज मी लावणार नाही. पारावर मात्र प्रत्येकाचे म्हणणे ठाम होते.

व्यापारयुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका आणि चीन येतात. बागलाणातल्या माणसाने ते ढाक्याशी होताना पाहिले आहे. २०१९ च्या सप्टेंबरअखेर आपण कांदा निर्यात अशीच एका दिवसात बंद केली. लगेच ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योगपतींच्या सभेत त्यांनी हसत हसत हिंदीत सांगितले की, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे. आधी कळवले असते तर बरे झाले असते. सभा हसली. पण बोलणाऱ्या बाई एका देशाच्या पंतप्रधान होत्या आणि पुढे महिनाभरात तिथे कांदा दोनशे टाक्यांच्या वर गेला, विमानाने आणावा लागला. २०२० च्या सप्टेंबरात आपण पुन्हा तेच केले. गिऱ्हाइकाला एकदा रिकाम्या पिशवीने परत पाठवले तर तो रागावतो. तीनदा पाठवले तर तो दुसरे दुकान शोधतो, किंवा परसात स्वतःच लावतो. बांगलादेशाने दोन्ही केले.

तिकडे संत्र्याचे पाहा. वरुड-मोर्शीचा संत्रा बांगलादेशात जायचा. त्यावरचे आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपयांच्या आसपास होते, ते २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर नेले. कांद्याचा बदला संत्र्यावर काढला, असे अमरावतीकडचे लोक म्हणतात. तसे कुठे लिहिलेले नसते. पण ज्याने कांद्याचे एक रोपही कधी लावले नाही त्या विदर्भातल्या बागाइतदाराची संत्री झाडाखाली पडली.

असा मार एकाला नेमून दुसऱ्याला बसतो, हा या प्रकाराचा जुनाच स्वभाव आहे. इंग्रजांच्या राज्यात लँकेशायरचे गिरणीवाले कुरकुरले म्हणून १८९६ मध्ये इथल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला, तो निघायला १९२५ साल उजाडावे लागले. आणि परवाचे बोलायचे तर ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. घाव तिरुपूरच्या तयार कपड्यांवर होता. त्या कारखान्यांना सूत स्वस्त पडावे म्हणून आपण परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क त्याच महिन्यात काढले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. कापूस वेचायला येतो नेमका त्याच दिवसांत. वॉशिंग्टनमध्ये सही झाली आणि खानदेशातल्या कापसाच्या गाठोड्याचा भाव हलला.

लग्न पार पडले, हे सांगायचे राहिलेच. आप्पांच्या पुतण्याने हातउसने पैसे दिले, किराणावाल्याने संक्रांतीपर्यंत मुदत दिली. ट्रॉली आठ दिवसांनी मिळेल त्या भावात गेली. पट्टीवरचा आकडा थोरल्याने मला दाखवला नाही, मीही मागितला नाही.

१ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचे निर्यात शुल्क पूर्ण निघाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा नामपूरला गेलो तर चाळी भरलेल्या होत्या आणि भाव नव्हता. बांगलादेशाने बराच काळ आयातीचे परवानेच दिले नव्हते. त्यांना त्यांचा शेतकरी सांभाळायचा होता. आप्पा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “कर गया साहेब, गिऱ्हाईकबी गयं.”

थोरला म्हणाला, यंदा निम्म्या रानात मका करतो. आप्पांनी मान हलवली. मग काठी घेऊन मला मळ्यात नेले. विहिरीच्या कडेला वाफे होते, त्यांत कांद्याचे रोप बोटभर वर आले होते. “किती एकरांचं?” मी विचारले. त्यांनी पाची बोटे दाखवली, दर वर्षीइतकीच, आणि खाली वाकून वाफ्यातले तण उपटायला लागले.