टाकीचा बॉलकॉक : वायसर लहान, नुकसान मोठे



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे, पण आहे पाण्याचाच. आपल्या पुष्कळ सभासदांची मुले मुंबईकडे नोकरीला आहेत. तिथे जागा परवडत नाही म्हणून काहींनी मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, वांगणी आणि नेरळच्या मधल्या शेलूला घरे घेतली आहेत. अशाच एका सभासदांनी शेतकी कचेरीत विचारले, "सायेब, पोराच्या घरची टाकी भरली तरी पाणी थांबत नाही, शेजारी बोलत्यात. टाकी बदलावी का?" आम्ही सांगितले, टाकीला हात लावू नका, आधी बॉलकॉक बघा. हीच तक्रार आपल्या गावांतही घरोघर आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

शेलू रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात येते. पाऊस तिकडे धो धो पडतो, पण सारा कातळाचा मुलूख. पाणी धरून ठेवत नाही, आणि उन्हाळ्यात ओढ बसते. त्या भागातून उल्हास नदी वाहते. भिवपुरीच्या टाटा वीजघरातून सुटणारे पाणी याच नदीला मिळते, आणि ते येते मावळातल्या १९२२ सालच्या ठोकळवाडी धरणातून. म्हणजे एरवी इंद्रायणी-भीमेतून उजनीकडे गेले असते, ते पाणी घाट उतरून कोकणात जाते. नदीचे पाणी उपसायचे, गाळायचे, पाइपाने घरापर्यंत न्यायचे, आणि शेवटी टाकीवरून गटारात सोडायचे, हा कुठला हिशेब?

आता हिशेबच करू. नळाखाली दहा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर पाचशे लिटरची टाकी ५० मिनिटांत भरते. पाणी दोन तास सुटले आणि बॉलकॉक बंद झाला नाही, तर उरलेल्या ७० मिनिटांत ७०० लिटर वाया. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे एका टाकीवरून बारा माणसांचा दिवसाचा वाटा वाहून गेला. चारीच्या तोंडाशी बारे मोडून ठेवले की टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. नळाच्या लाइनलाही टेल असतेच. सखल भागातल्या टाक्या वाहत राहिल्या की लाइनचा दाब बसतो आणि उंचावरच्या शेवटच्या घरात नळ नुसता फुसफुसतो.

बॉलकॉक चालतो कसा

रचना साधी आहे. एका टोकाला पोकळ फुगा, मध्ये दांडी, दुसऱ्या टोकाला पितळी बॉडीत आडवा सरकणारा दट्ट्या. दट्ट्याच्या तोंडाला रबरी वायसर असतो. पाणी वर आले की फुगा उचलतो, दांडी दट्ट्याला पुढे ढकलते, वायसर भोकावर बसतो आणि पाणी बंद होते. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल थांबवणारा फ्लोटही याच तत्त्वावर चालतो.

सगळी ताकद दांडीची, म्हणजे पहारीने दगड उचलावा तशी. साडेचार इंची फुगा अर्धा बुडाला तर सुमारे चारशे ग्रॅमचा जोर वर लावतो. फुग्याकडची दांडी दट्ट्याकडच्या बाजूपेक्षा दहापट लांब असेल, तर तोच जोर दट्ट्यावर जवळजवळ चार किलो होतो. म्हणून दांडी वाकडीतिकडी झाली किंवा फुगा जड झाला की कॉक हटकून गळतो.

दोष कुठे आहे ते ओळखा

पाणी चालू असताना दांडी हाताने हळू वर उचला.

१. पाणी थांबले, तर दोष फुग्यात किंवा दांडीत आहे. फुगा काढून कानाशी हलवा. खळखळ वाजला तर आत पाणी शिरले आहे, तो बदला. फुगा चांगला असेल, तर तो टाकीच्या भिंतीला घासतो का किंवा वायरीत अडकतो का ते बघा. तसेही नसेल तर पातळी चुकली आहे. दांडी दोन्ही हातांनी धरून फुग्याकडची बाजू थोडी खाली वाकवा. एका हाताने दाबाल तर पिनेवर ताण येऊन ती तुटेल. प्लॅस्टिकची दांडी वाकवू नये, तिला स्क्रू असतो तो फिरवावा. वरच्या निकासाच्या पाइपाच्या इंचभर खाली पाणी थांबले पाहिजे.

२. दांडी उचलूनही पाणी थांबले नाही, तर वायसर झिजला आहे, दट्ट्या अडकला आहे किंवा भोकाची कड खराब झाली आहे. आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यांचा पांढरा थर दट्ट्यावर बसतो. कोकणाकडे पावसाळ्यात गढूळ पाण्याचा गाळ शिरतो. परिणाम तोच.

वायसर बदलताना

आधी लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मोटारीचा मेन स्विच पाडा. पिनेची टोके पकडीने सरळ करून ती ओढून काढा. पिन टाकीत पडली तर शोधत बसावे लागते, म्हणून खाली फडके धरा. दांडी निघाली की दट्ट्या बाहेर सरकवा. त्याचे दोन भाग असतात. खाचेत पेचकस घालून एक भाग धरा आणि टोपीचा भाग पकडीने फिरवा. आतला वायसर काढून त्याच मापाचा नवा बसवा. दट्ट्यावर क्षार असतील तर लिंबाच्या रसात किंवा सिरक्यात थोडा वेळ ठेवून जुन्या ब्रशने घासा. ट्रॅक्टरचे ग्रीस लावू नका. पाणी पिण्याचे आहे, आणि ग्रीसने रबरही फुगते.

मग भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. खाच लागली तर नवा वायसर टिकणार नाही, अख्खा कॉक बदलावा हे बरे. पितळी घ्यायचा तर आय.एस. १७०३ ची खूण बघून घ्या. गावच्या नळाला दाब कमी असेल तर मोठ्या भोकाचा, जास्त दाबाच्या लाइनला लहान भोकाचा. हे दुकानदाराला सांगितल्याशिवाय तो विचारत नाही बरं का!

बसवण्याआधी लाइनचे थोडे पाणी बादलीत सोडा, म्हणजे पाइपातला कचरा नव्या कॉकमध्ये जाणार नाही. आट्यांवर टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. टाकीच्या आतले चेकनट पान्याने धरून मगच बाहेरचे आवळा, नाहीतर प्लॅस्टिकच्या टाकीला तडा जातो.

आणखी काही

संडासाच्या फ्लशच्या टाकीतही हाच कॉक लहान रूपात असतो. तिथली गळती दिसत नाही, कारण पाणी आतल्या आत निघून जाते. तांब्याभर, म्हणजे लिटरभर पाणी पाच मिनिटांत गळत असेल, तर दिवसाला २८८ लिटर गेले, पाच माणसांचे पाणी!

टाकी मोटारीने भरत असाल तर बॉलकॉकच्या भरवशावर मोटार चालू ठेवून शेतावर जाऊ नका. कॉक बंद झाला तरी मोटार चालूच राहते, पंपातले पाणी तापते आणि सील जाते. गोठ्याच्या हौदाला बॉलकॉक जरूर लावा, पण वर लोखंडी जाळी बसवा. गुरे फुग्याशी शिंगे घासतात. टाकीचे झाकण घट्ट असू द्या आणि निकासाच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

ठिबक बसवले की आपण थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो, तो घरच्या टाकीलाही लावावा. येत्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने एकदा टाकीवर चढून दांडी उचलून पाहावी. मुले शेलूला असोत की पुण्याला, त्यांनाही तेवढे कळवावे. पाणी थांबले नाही तर त्याच दिवशी वायसर आणावा. आपल्या टाकीवरून वाहणारे पाणी टेलच्या घरचे आहे, एवढे ध्यानी ठेवावे ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी