रोगाला दाद न देणारा ऊस

उसाच्या शेंड्यातून लांब काळा चाबूक निघाला की आजोबा पोते घेऊन शेतात धावत. चाबकावर अलगद पोते चढवायचे, तो कापायचा, सारे बेट मुळासकट उपटून जाळायचे. ही काणी. तिची काळी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू; वाऱ्यावर ते शेजाऱ्याच्या उसातही जातात. तेव्हा आमच्याकडे को-७४० ऊस असे. जात चांगली, पण काणीला लवकर बळी पडणारी.

असे का होते? उसाची लागण कांडीने होते. त्यामुळे एका जातीचे अख्खे शिवार म्हणजे जणू एकाच झाडाचा विस्तार. एका बेटाला जो रोग जडतो, तो साऱ्यांनाच जडू शकतो. वेगळा गुण हवा तर बियांपासून रोप हवे. कोइमतूरच्या हवेत उसाला तुरा येऊन बी धरते, म्हणून १९१२ मध्ये तेथे ऊस पैदास केंद्र निघाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर रानटी काश गवताशी केला. गवतात गोडी नाही, पण चिवटपणा भरपूर. त्यातून को-२०५ ही जात निपजली. 'को' म्हणजे कोइमतूर!

आजही रीत तीच. संकरातून हजारो रोपे होतात, प्रत्येक निराळे. त्यांना मुद्दाम रोगाची लागण करतात. टिकेल आणि गोडही असेल तेच पुढे जाते. या निवडीत दहा-बारा वर्षे सहज जातात. को-६२१९८ आणि कोसी-६७१ यांच्या संकरातून आलेला को-८६०३२ काणीला बऱ्यापैकी तोंड देतो. आपल्या भागात तो सर्वत्र पसरला, याचे हेही एक कारण होय.

परंतु बुरशीही बदलत असते. उत्तर प्रदेशात २००९ मध्ये आलेल्या को-०२३८ ने राज्यातील बहुतेक ऊसक्षेत्र व्यापले. पुढे लाल कूज रोगाच्या बुरशीचा नवा प्रकार त्यावर पोसला आणि २०२० च्या सुमारास शेतेच्या शेते वाळली. एका जातीवर सारा भार टाकल्याची ती किंमत होती.

म्हणजे रोगप्रतिकार हे कायमचे कवच नव्हे. केरळात कण्णूर येथे जुन्या व रानटी उसांचा मोठा संग्रह जपला आहे, तो उद्याच्या संकरांसाठीच. आपल्यापुरते एवढे करता येईल : बेणे निरोगी घ्यावे आणि साऱ्या रानात एकच जात लावू नये. आजोबांचे पोते मात्र अजून खुंटीला आहे.